चिपवरचं यकृत आजोबांची कावीळ आधी सांगू शकेल का?

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी ठाण्यात राहते, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी आजोबांना टीबी झाला. औषधं सुरू होऊन महिना होतोय न होतोय तोच कावीळ झाली. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, मग एकेक करून परत चालू केल्या. आता आजोबा बरे आहेत. ही कावीळ कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नंतर माझ्या वाचनात 'लिव्हर ऑन अ चिप' आलं. आजोबांच्या पेशी अशा चिपवर ठेवून हे आधीच कळलं नसतं का? आणि या कामात मेकॅनिकलवाल्यांना जागा असते का, की ते सगळं बायोलॉजीवाल्यांचं?"

आजोबा बरे आहेत हे वाचून फार बरं वाटलं. डॉक्टरांनी केलं ते योग्यच केलं. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, आज तरी नाही. दुसऱ्याचं उत्तर, जागा आहे, आणि ती बाजूला उभं राहून मदत करण्याची नाही. निम्मं काम मुळात तुमच्याच विषयाचं आहे. मी एकवीस वर्षं नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या प्रयोगशाळांमध्ये पेशी वाढवते आहे, त्यातली गेली आठ-नऊ वर्षं चिपवर, म्हणजे बारीक वाटा (चॅनेल) असलेल्या छोट्या तुकड्यावर, जिथे पेशी बसवतात आणि त्यांच्याजवळून द्रावण वाहतं ठेवतात. त्या अनुभवातून सविस्तर सांगते.

आधी आजोबांच्या यकृताचं बघू. टीबीच्या सुरुवातीच्या चार औषधांपैकी आयसोनायझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन यकृताला त्रास देऊ शकतात. चौथं इथॅम्ब्युटॉल सहसा देत नाही. आयसोनायझिडचा निचरा करण्यात यकृतातल्या नॅट-२ नावाच्या एन्झाइमचा मोठा वाटा असतो. हे एन्झाइम काहींच्या अंगात जलद चालतं, काहींच्या संथ, आणि ते जन्मतःच ठरलेलं असतं. ज्यांचं संथ, त्यांना कावीळीचा धोका जास्त. भारतात असे लोक भरपूर आहेत. पण त्यातल्या बहुतेकांना कावीळ होत नाही, हीच तर अडचण आहे. वय, दारू, आधीचा हिपॅटायटिस बी किंवा सी, अंगात ताकद किती उरली आहे, शिवाय प्रतिकारशक्ती त्या औषधाकडे कशी बघते, हे सगळं एकत्र येतं तेव्हा यकृत बिघडतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी "सांगता येत नाही" म्हटलं ते खरंच होतं.

मग औषध बाजारात येण्याआधी प्राण्यांवर तपासतात त्याचं काय? तपासतात, आणि पुष्कळ विषारी औषधं तिथेच अडतात. पण यकृताच्या बाबतीत या चाळणीची भोकं फार मोठी आहेत. १९९३ साली अमेरिकेत हिपॅटायटिस बी वरच्या फायालुरिडिन नावाच्या औषधाची चाचणी १५ रुग्णांवर चालू होती. प्राण्यांमध्ये यकृताचा धोका दिसलेला नव्हता. चाचणीतल्या ७ जणांची यकृतं निकामी झाली, त्यातले ५ दगावले, दोघं यकृत बदलल्यामुळे वाचले. कारण उलगडायला बरीच वर्षं लागली. माणसाच्या पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या, आवरणावर एक वाहक प्रथिन असतं आणि त्या वाटेने हे औषध आत शिरतं. उंदराच्या मायटोकॉन्ड्रियावर ती वाटच नाही. उंदरावर कितीही काळजीने प्रयोग केला असता तरी धोका दिसला नसता. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकिगत पहिल्याच आठवड्यात सांगते.

यावर कुणालाही सुचेल की मग माणसाच्याच यकृताच्या पेशी घ्याव्यात आणि प्लॅस्टिकच्या बशीत ठेवून औषध द्यावं. आम्हीही तेच करायचो. पहिल्या दिवशी या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फार सुंदर दिसतात. टोकदार कोपऱ्यांच्या, चकचकीत कडांच्या, काहींमध्ये दोन-दोन केंद्रकं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच पेशी पसरट होतात, कडा पुसट होतात, अल्ब्युमिन हे यकृताचं नेहमीचं प्रथिन बनवणं घटतं, औषधं फोडणारी एन्झाइमं तर त्याहून झपाट्याने उतरतात. पेशी मेलेली नसते, पण ती आता यकृताची राहिलेली नसते. आयसोनायझिड दिलं तरी ती ते फोडणारच नाही, आणि त्रास बराचसा फोडताना बनणाऱ्या पदार्थांचा असतो, मग विषबाधा दिसणार कशी?

माझे सासरे नौपाड्यातली चाळ सोडून घोडबंदरला पंधराव्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा तीन-चार महिने जवळजवळ गप्प झाले होते. तब्येत ठणठणीत, जेवण वेळेवर, पण माणूस पूर्वीचा नाही. दाराबाहेर गॅलरी नाही, येताजाता हाक मारणारं कुणी नाही. पेशीचं असंच आहे, हे मला पुस्तकांनी नाही, बशीतल्या पेशींनी शिकवलं. ती कोण आहे हे फक्त तिच्या जनुकांवर ठरत नाही. शेजारी कोण आहे, पायाखाली काय आहे, अंगावरून काय वाहतंय, यावरही ठरतं. ऊतींच्या अभियांत्रिकीतले, म्हणजे पेशींपासून अवयवांचे भाग घडवण्याच्या शास्त्रातले, मला माहीत असलेले बहुतेक मोठे शोध पेशीला तिचा शेजार परत मिळवून देण्याचे आहेत. चाचणीची चिप असो की उपचारासाठी वाढवलेली कातडी, मूळ तेच.

संगीता भाटिया यांचं काम याच वाटेवरचं. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९९०च्या दशकात त्यांनी यकृतपेशी जगवायला संगणकाच्या चिप बनवण्याचं तंत्र उसनं घेतलं. प्रकाशाने नक्षी उठवून काचेवर कोलॅजेन या शरीरातल्या आधार देणाऱ्या प्रथिनाचे गोल ठिपके बनवायचे, त्या ठिपक्यांवरच यकृतपेशी बसवायच्या आणि मधल्या मोकळ्या जागेत फायब्रोब्लास्ट नावाच्या आधारपेशी भरायच्या. २००८ साली सलमान खेतानी आणि भाटिया यांनी माणसाच्या पेशींवर हे करून दाखवलं: अर्ध्या मिलिमीटरची बेटं, भोवती आधारपेशी. अशी वसवलेली यकृतपेशी चार ते सहा आठवडे आपलं काम करत राहिली. ठिपका किती मोठा आणि दोन ठिपक्यांत अंतर किती, यावर निकाल बदलत होता. शेजार म्हणजे नुसती गर्दी नव्हे, त्यालाही मोजमाप लागतं. मोजमाप आलं की इंजिनिअर आलाच.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. भाटियांनी वापरलेल्या त्या आधारपेशी यकृतातल्या नव्हत्याच. त्या उंदराच्या भ्रूणापासून आलेल्या ३टी३-जे२ जातीच्या पेशी, हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेतून मिळालेल्या. आणि ग्रीन कोण? माणसाची कातडी बशीत वाढवणारे! १९७५ साली जेम्स राइनवाल्ड आणि ग्रीन यांना दिसलं की कातडीच्या पेशी एकट्या ठेवल्या तर फारशा वाढत नाहीत, पण खाली ३टी३ पेशींचा थर असला, तोही वाढ थांबवलेला, तर झपाट्याने वाढतात. १९८३ मध्ये अमेरिकेत दोन लहान भाऊ ९५ टक्क्यांहून अधिक भाजले. काखेतल्या जेमतेम उरलेल्या चांगल्या कातडीचे चिमुकले तुकडे घेऊन त्यातून कातडीचे पातळ पापुद्रे वाढवले गेले आणि त्या मुलांच्या शरीराचा जवळपास अर्धा भाग त्या कातडीने झाकला. दोघं वाचले. एकाच आधारपेशीने आधी भाजलेली मुलं वाचवायला मदत केली आणि मग औषधं तपासणारं यकृत जगवलं. चाचणी आणि उपचार वेगळे विषय मानू नकोस, असं मी म्हणते ते यामुळे.

तू ठाण्याची, म्हणून सांगते: ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे आणि तिथे त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ इथून कातडीचा फक्त वरचा पातळ थर काढतात. रक्त येत नाही, देह विद्रूप होत नाही. ती कातडी ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवली की काही वर्षं टिकते. भाजलेल्या रुग्णावर ती कायमची रुजत नाही, काही आठवड्यांत शरीर तिला नाकारतं. पण तेवढ्या काळात पाणी आणि प्रथिनं वाहून जाणं थांबतं, जंतू आत शिरत नाहीत, वेदना कमी होतात आणि रुग्णाची स्वतःची कातडी यायला उसंत मिळते. प्रयोगशाळेतली कातडी महाग असते आणि वाढायला दोन-तीन आठवडे घेते. भाजलेल्या माणसापाशी तेवढे दिवस नसतात. म्हणून आपल्याकडे आजही जास्त जीव वाचवू शकते ती दान केलेली कातडी. नव्या शोधांचं मलाही अपार कौतुक आहे, पण हा क्रम विसरून चालणार नाही.

आता तुझ्या विषयाकडे. २०१० साली हार्वर्डच्या वीस इन्स्टिट्यूटमध्ये डॅन हू आणि डोनाल्ड इंगबर यांनी फुप्फुसाची चिप केली. पारदर्शक सिलिकॉन रबराचा तुकडा, त्यात दोन चॅनेल एकावर एक, मध्ये १० मायक्रॉन जाडीचा सच्छिद्र पडदा. पडद्याच्या एका बाजूला फुप्फुसाच्या पेशी आणि हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहतं द्रावण. दोन्ही कडांना पोकळ्या ठेवून त्यांत निर्वात ओढला-सोडला की पडदा ताणतो आणि सैलावतो, म्हणजेच श्वास घेतो. त्यांनी सिलिकाचे नॅनोकण टाकून पाहिलं. पडदा स्थिर असताना पेशींनी जो त्रास दाखवला, तो श्वास चालू केल्यावर कितीतरी वाढला. रसायन तेच, पेशी त्याच, फक्त ताण नवा. हे बायोलॉजीच्या पुस्तकातून सुचणारं नव्हतं.

ताण आला, तसा कडकपणाही येतो. फायब्रोस्कॅनवर, म्हणजे यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणाऱ्या तपासणीत, निरोगी यकृत साधारण ५ किलोपास्कलचं असतं, सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत वणांनी घट्ट झाल्यावर, ते १२-१३च्या वर जातं. आमच्या बशीचं प्लॅस्टिक निरोगी यकृताहून सुमारे ६ लाख पट कडक! २००६ साली अ‍ॅडम एंगलर आणि डेनिस डिशर यांनी एकाच प्रकारच्या मूळपेशी (ज्यांच्यापासून निरनिराळ्या पेशी घडू शकतात) वेगवेगळ्या मऊपणाच्या जेलवर ठेवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, स्नायूइतक्या कडक जेलवर स्नायूच्या, आणि त्याहून कडक जेलवर हाडाच्या. तुम्ही वर्गात यंग्ज मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचा आकडा, शिकता तेव्हा डोळ्यांसमोर पोलादाची सळई असते. तोच आकडा एखाद्या पेशीचं पुढचं आयुष्य वळवतो.

आणि प्रवाह. चिपच्या चॅनेलमध्ये रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे प्रवाह किती खळबळता आहे ते सांगणारा आकडा, एकाच्याही खाली असतो. दोन द्रावणं एकमेकांना लागून वाहतात पण घुसळली जात नाहीत, फक्त हळूहळू एकमेकांत झिरपतात. चॅनेलची उंची निम्मी केलीस तर तेवढ्याच प्रवाहाला पेशीच्या अंगावरचं घर्षण चौपट होतं. रक्तवाहिनीच्या पेशींना ते घर्षण हवंच असतं. यकृतपेशींना नको असतं, शरीरातही त्या रक्तवाहिनीच्या अस्तराआड बसलेल्या असतात. म्हणून यकृताच्या चिपमध्येही मध्ये पडदा. हे गणित चुकलं की पेशी औषधाने मेली की आपल्या पंपाने, ते कळत नाही.

हे मी स्वतः चुकून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीत आम्ही आठ चॅनेलवर एक औषध तपासत होतो. तीन चॅनेलमधल्या पेशी सुटून गेल्या आणि मी अहवालात "विषारी" लिहिलं. दुसऱ्या दिवशी नोंदी परत चाळताना दिसलं की औषध न दिलेल्या एका चॅनेलचंही तेच झालंय. दोन आठवडे शोधल्यावर कारण सापडलं: बुडबुडे. द्रावण फ्रिजमधून काढून थेट ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमधल्या नळीत जोडलं जात होतं. थंड द्रावणात विरघळलेली हवा गरम झाल्यावर बाहेर येते, बुडबुडा होतो आणि चॅनेलमधून जाताना पेशी खरवडून नेतो. अहवाल मागे घेतला. तेव्हापासून आमचं द्रावण रात्रभर इन्क्युबेटरमध्ये बसतं आणि चिपच्या आधी बुडबुडा अडवणारी छोटी टाकी असते. ती टाकी एका मेकॅनिकलच्या मुलाने बनवली. माझ्या एकवीस वर्षांत माझ्या निकालांची विश्वासार्हता एका फटक्यात एवढी दुसऱ्या कशानेच वाढली नाही.

सिलिकॉन रबराचाही एक दोष माहीत असू दे. पाण्यात न विरघळणारी, तेलकट स्वभावाची छोटी औषधं हे रबर शोषून घेतं. आपण दहा भाग सोडले असं समजतो आणि पेशीपर्यंत तीन पोचतात. मग विषारी औषध निर्धोक वाटतं. रबराला पर्यायी साहित्य शोधणं हे काम आजही मोकळं पडलेलं आहे.

या चिपवर भरवसा किती ठेवायचा? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ८७० यकृत-चिपवर २७ औषधं तपासली गेली. माणसाच्या यकृताला घातक ठरलेल्या औषधांपैकी ८७ टक्के चिपने पकडली आणि निर्धोक औषधांपैकी एकालाही खोटं दोषी ठरवलं नाही. आकडे चांगलेच आहेत. पण अभ्यास चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा होता आणि औषधं २७च होती, हेही लक्षात ठेवायचं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. मार्च २०२३ मध्ये आपल्या सरकारनेही औषध-चाचण्यांचे नियम सुधारून चिप, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले अवयवाचे सूक्ष्म गोळे) अशा पद्धतींना वाट दिली.

बघ, हे सगळं औषधाबद्दल आहे. "हे औषध माणसाच्या यकृताला घातक आहे का" हा प्रश्न चिप हाताळते. "हे औषध माझ्या आजोबांना घातक ठरेल का" हा प्रश्न फार अवघड आहे. त्यासाठी आजोबांच्या यकृतपेशी हव्यात, म्हणजे यकृताचा तुकडा. किंवा रक्तातल्या पेशी मागे नेऊन मूळपेशी करायच्या, शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये दाखवलेल्या रीतीने, आणि त्यांतून यकृतपेशी घडवायच्या. याला महिने लागतात आणि घडलेल्या पेशी बाळाच्या यकृतासारख्या कच्च्या राहतात. टीबीचं औषध महिनोन्महिने थांबवता येत नाही. शिवाय प्रतिकारशक्तीचा भाग चिपवर आणणं अजून बाल्यावस्थेत आहे.

तरी ही कल्पना हवेतली नाही. नेदरलँड्समध्ये सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या गुदाशयातून अगदी छोटा नमुना घेऊन त्यापासून आतड्याचे सूक्ष्म गोळे वाढवतात. औषध दिल्यावर गोळा फुगला, तर त्या रुग्णाला ते लागू पडण्याची आशा. तिथे हे जमलं, कारण नमुना सहज मिळतो, बिघाड एकाच जनुकात आहे आणि गोळा फुगतो की नाही हे डोळ्यांना दिसतं. यकृताच्या बाबतीत या तिन्हींपैकी एकही सवलत नाही.

आणि रुग्णाच्याच पेशी घेऊन काम करायची तुझी कल्पना उपचाराच्या रूपाने तुझ्या घरापासून फार लांब नाही. ४ जून २०२१ रोजी टाटा मेमोरियलच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात भारतातला पहिला स्वदेशी कार-टी पेशींचा उपचार झाला. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात नवं जनुक घालायचं, म्हणजे त्या सीडी-१९ ही खूण असलेल्या कर्करोगी पेशी ओळखू लागतात, मग त्या वाढवून परत रुग्णाच्या शिरेत सोडायच्या. या पेशी पवईला आयआयटीच्या बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभागात घडल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत २०१७ साली आलेल्या अशा पहिल्या उपचाराची छापील किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती, आपल्याकडचा त्याच्या थोड्या भागात होतो. तरीही तो मध्यमवर्गीय घराला झेपत नाही, हे मी दडवणार नाही. पेशी बंद पिशवीत, माणसाचा हात न लागता, दर वेळी सारख्याच दर्जाच्या वाढवणारं यंत्र स्वस्तात बनलं तर किंमत आणखी उतरेल. हे यंत्र कोण बनवणार, असं तुला वाटतं?

आजोबांसाठी आज कामाचं काय, तेही सांगते. मी डॉक्टर नाही, हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच करायचं. घरात पुन्हा कुणाला ही औषधं लागली, तर सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी आणि हिपॅटायटिस बी-सीची तपासणी करून घ्या. दारू असेल तर लपवू नका. आयुर्वेदिक किंवा दुसरी कुठलीही औषधं चालू असतील तर तीही सांगा. भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली, तर डोळे पिवळे व्हायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आजोबांच्या केस-पेपरची प्रत जपून ठेवा. कोणत्या गोळीनंतर एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासणीतला आकडा) किती वाढलं, कोणती परत दिल्यावर काही झालं नाही, ही नोंद पुढच्या डॉक्टरला फार मोलाची असते.

आणि तुझ्यासाठी: गेट या इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे, पण मेकॅनिकलचा देऊनही या बाजूला येणारे मी पाहिलेत. परीक्षेचं पुढचं पुढे बघू. या सुट्टीत एक चिप बनव. सिलिकॉन रबर दहास एक प्रमाणात कालवायचं, निर्वातात ठेवून त्यातली हवा काढायची आणि ६५-७० अंशांवर काही तास भाजायचं. साचा रेझिनच्या थ्री-डी प्रिंटरवर काढू नकोस, नीट प्रक्रिया केली नाही तर त्या रेझिनमुळे रबर कडेला चिकट राहतं. त्यापेक्षा काचपट्टीवर चिकटपट्टीचे दोन थर लाव, ब्लेडने इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराची पट्टी ठेवून बाकीची सोलून काढ आणि त्यावर रबर ओत. दोन वाटांनी खाण्याचा लाल आणि निळा रंग सोड. ते शेजारी-शेजारी वाहतील आणि मधली रेघ पुढे किती रुंद होते ते मोजता येईल. पट्टीची जाडी मोजून भिंतीवरचं घर्षणही काढ. पहिली चिप बहुधा नळीच्या भोकापाशी गळेल. भोक नळीपेक्षा जरासं लहान पाड आणि पंच धारदार वापर, बोथट पंचाने रबर फाटतं. ते जमलं की आकडे आणि फोटो घेऊन ये, पुढचा टप्पा आपण बसून ठरवू.